खिळ्यांची डोकी

शिकागोच्या पश्चिम भागात मन्रो स्ट्रीटवर २३३७ क्रमांकाचं एक साधं भाड्याचं घर होतं. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे, पावणेपाचच्या सुमाराला, त्यात पोलीस घुसले. आत कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पार्टीचे नऊ जण होते, बहुतेक सगळे झोपलेले. काही मिनिटांत दोघांचा जीव गेला. एक मार्क क्लार्क, पुढच्या दाराशी पहाऱ्याला बसलेला. दुसरा फ्रेड हॅम्प्टन, पार्टीच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष, वय २१. तो मागच्या खोलीत आपल्या दिवस भरत आलेल्या जोडीदारिणीशेजारी बिछान्यात होता. कुक काउंटीचे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान यांनी लगोलग जाहीर केलं, की पँथर्सनी तुफान गोळीबार केला आणि पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी उत्तर दिलं.

पोलीस मृतदेह घेऊन गेले, जखमींना घेऊन गेले, हत्यारं घेऊन गेले. घराला सील ठोकायचं मात्र राहून गेलं. त्या एका ढिलाईमुळे पुढचा सगळा इतिहास बदलला. पँथर्सनी दार उघडं ठेवलं आणि लोकांना सांगितलं, या आणि बघा. जवळजवळ दोन आठवडे, शिकागोच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, फुटपाथवर रांगा लागल्या. म्हाताऱ्या बायका आल्या, शाळकरी मुलं आली, कारखान्यातून सुटलेले कामगार आले. घरातला कार्यकर्ता त्यांना खोलीखोलीतून फिरवायचा. ही भिंत, ही भोकं, हा रक्ताने माखलेला गादीचा भाग, आणि आता वळून दाराकडे बघा, बाहेरच्या बाजूला गेलेल्या गोळ्या कुठे दिसतात का. माइक ग्रे आणि हॉवर्ड आल्क हे चित्रपट करणारे दोघं त्याच दिवशी कॅमेरा घेऊन पोचले होते. पँथर्सच्या वकिलांनी तर पुढच्या दाराची फळीच काढून नेली, कारण कुठली गोळी कुठल्या बाजूने आली हे ती फळी सांगणार होती.

मग ‘शिकागो ट्रिब्यून’ने सरकारी वकिलांच्या कचेरीतून आलेले फोटो छापले. दारांवरचे काळे ठिपके हे पँथर्सनी झाडलेल्या गोळ्यांचे पुरावे आहेत, असा दावा होता. घर उघडं होतंच. इतर पत्रकार जाऊन बघून आले. ते ठिपके म्हणजे खिळ्यांची डोकी होती. पुढे फेडरल ग्रँड ज्युरीने हिशेब लावला, तेव्हा पोलिसांच्या गोळ्या ऐंशीच्या वर भरल्या आणि पँथर्सची फक्त एक.

चळवळीचा वारसा जपणं म्हणजे काय, हा प्रश्न निघाला की मला ती खिळ्यांची डोकी आठवतात. त्या घरात कुणी पुतळा बसवत नव्हतं, हार घालत नव्हतं. ते घर पुरावा म्हणून राखलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जहाल चळवळीचा वारसा आज संग्रहालयांत, विद्यापीठांत, सुट्ट्यांच्या यादीत, सिनेमांत सगळीकडे दिसतो, आणि तरी तो हातातून निसटतो आहे असं जाणवतं. माझ्या मते त्याचं कारण हेच, की आपण पुराव्याची मूर्ती करून टाकतो. पुराव्याला उलटतपासणी चालते. मूर्तीला ती चालत नाही.

आधी शब्दाबद्दल थोडं. ‘रॅडिकल’ला मराठीत दोन शब्द आहेत, जहाल आणि मूलगामी. जहाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुरत काँग्रेस आणि तिथे उडालेला जोडा येतो. मूलगामी म्हटलं की ग्रंथालयातली शांतता. एकाच माणसाला हे दोन्ही शब्द लागू पडतात आणि कोण बोलतंय त्यावर शब्द ठरतो. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला पार्टी काढली, तेव्हा त्यांच्या दहा कलमांत घर, शिक्षण, रोजगार, पोलिसांच्या अत्याचाराला आळा आणि न्याय्य खटले यांची मागणी होती. ही मूलगामी बाजू. ते बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांच्या मागे फिरत, ही जहाल बाजू. वर्तमानपत्रांनी दुसरीचे फोटो छापले आणि ते आजतागायत पोस्टरांवर, टी-शर्टांवर चालू आहेत. काळा कोट, तिरकी बेरे टोपी, वेताच्या खुर्चीत भाला नि बंदूक घेऊन बसलेला न्यूटन. देखणा फोटो आहे, यात वाद नाही. पण त्यातून दहा कलमांतलं एकही कलम कळत नाही.

या चळवळीचं सगळ्यांत अवाढव्य दप्तर जमवलं ते तिच्या शत्रूने. एफबीआयच्या कॉइनटेलप्रो या गुप्त कार्यक्रमाने १९५६ ते १९७१ अशी पंधरा वर्षं माणसांवर पाळत ठेवली, फोन ऐकले, खोटी पत्रं पाठवली, संघटनांत भांडणं लावली. कृष्णवर्णीय चळवळीत कुणी तारणहार उभा राहू नये, हे मार्च १९६८ च्या अंतर्गत टिपणात उद्दिष्ट म्हणूनच लिहिलेलं आहे. हे सगळं आपल्याला कळलं ते आठ सामान्य माणसांमुळे. ८ मार्च १९७१ च्या रात्री मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची लढत चालू होती, अख्खा देश रेडिओला कान लावून होता. त्या वेळी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावातलं एफबीआयचं छोटं कार्यालय फोडण्यात आलं. फोडणाऱ्यांत भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक होता, धर्मशास्त्राचा एक, एक टॅक्सीवाला, आणि पाळणाघर चालवणारी बॉनी रेन्स. ती आधी विद्यार्थिनी बनून त्याच कार्यालयात जाऊन आली होती. एफबीआयमध्ये मुलींना नोकरीची संधी कितपत आहे असं विचारत तिने कुलपं आणि कपाटं नजरेखालून घातली. सुटकेसमध्ये भरून आणलेल्या कागदांत एका चिठोऱ्यावर ‘कॉइनटेलप्रो’ हा शब्द होता. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. एनबीसीचे पत्रकार कार्ल स्टर्न यांनी त्या एका शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी सरकारला कोर्टात खेचलं आणि मग एकेक पान बाहेर येत गेलं. दरोडा घालणारे सापडलेच नाहीत. २०१४ मध्ये त्यांतल्या काहींनी आपणहून नावं सांगितली.

हॅम्प्टनच्या घराचा नकाशा याच दप्तरातून बाहेर आला. शाखेच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला विल्यम ओनील हा एफबीआयचा खबऱ्या होता. त्याने घराचा आराखडा काढून दिला होता, त्यात हॅम्प्टनचा बिछानासुद्धा दाखवला होता. छाप्यानंतर त्याला तीनशे डॉलरचं बक्षीस मिळालं. नुकसानभरपाईचा खटला १९८२ पर्यंत चालला आणि शहर, काउंटी व केंद्र सरकारने मिळून १८ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. गुन्हा कबूल मात्र कुणीच केला नाही.

शत्रूचं दप्तर अमूल्य असतं, पण त्याला एक खोड असते. खबऱ्या कोण कुणाला भेटलं ते लिहितो, कोण कुणावर रागावलं ते लिहितो, बंदुका किती ते मोजतो. पहाटे पाचला उठून अंडी कुणी उकडली, हे त्याच्या कामाचं नसतं. म्हणून त्या फायलींवरून इतिहास लिहिणाऱ्याला वाटायला लागतं, की ही माणसं दिवसभर फक्त कट शिजवत होती.

खरं तर ती बऱ्यापैकी वेळ नाश्ता शिजवत होती. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये पार्टीने शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी फुकट नाश्ता सुरू केला. वर्षभरात ठिकठिकाणच्या शाखांनी तो उचलला आणि हजारो मुलं पोटभर खाऊन शाळेत जायला लागली. आसपासच्या दुकानदारांकडून अंडी, दूध, पाव गोळा व्हायचा. कधी खुशीने, कधी थोडा दबाव टाकून, हेही सांगायला हवं. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांचं बंदुकांपेक्षा या नाश्त्याकडे जास्त लक्ष होतं. मे १९६९ मध्ये त्यांनी आपल्या कचेऱ्यांना कळवलं, की पार्टीचं हेच काम सर्वांत प्रभावी आहे, म्हणून सर्वांत धोक्याचं आहे. माणूस दुष्ट असला तरी त्याची पारख चुकली नव्हती. पुढे सरकारी शाळांत नाश्त्याची योजना १९७५ मध्ये कायमची झाली. ती पँथर्समुळेच आली असं त्यांचे काही चाहते म्हणतात, ते मला पटत नाही. योजना प्रायोगिक स्वरूपात १९६६ पासून होतीच. पण उपाशी मूल शिकू शकत नाही ही गोष्ट देशाच्या डोळ्यांसमोर आणण्यात त्या चर्चमधल्या टेबलांचा वाटा होता. आज त्या योजनेतून नाश्ता खाणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही. वारसा असाही टिकतो, बिननावाचा. मला हा प्रकार पुतळ्यापेक्षा बरा वाटतो, पण हिशेबात तो लिहिला गेला पाहिजे.

पुतळ्याचं उदाहरण म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांच्याइतकं मोठं नाव दुसरं नाही. आज किंगांचा जयजयकार करणाऱ्या कुणालाही विचारा, ते एका स्वप्नाच्या भाषणापाशी थांबतील. ज्या मोर्चात ते भाषण झालं, त्याच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी नोकऱ्या होत्या, हे किती जणांना आठवतं? १९६६ मध्ये गॅलपने केलेल्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकन लोकांचं त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत होतं. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड बोलले आणि त्यांच्या बाजूची वर्तमानपत्रंसुद्धा त्यांच्यावर उलटली. पुढच्या वर्षी बरोबर त्याच तारखेला ते मेम्फिसमध्ये मारले गेले. ते तिथे कशाला गेले होते? तर कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात आडोशाला थांबलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या ट्रकमधल्या यंत्रात चिरडून मेले होते. त्यातून १,३०० कामगारांचा संप पेटला. मेम्फिसच्या कामगारांनी गळ्यात अडकवलेल्या पाट्यांवर फक्त एवढंच लिहिलं होतं, की आपण माणूस आहोत. किंग शेवटच्या दिवसांत सगळ्या वर्णांच्या गरिबांना घेऊन वॉशिंग्टनवर धडकायची तयारी करत होते. हा माणूस जहाल होता की मवाळ?

एफबीआयला याचं उत्तर माहीत होतं. १९६४ मध्ये त्यांनी किंगांना निनावी पत्र पाठवून आत्महत्येकडे ढकलायचा प्रयत्न केला. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी किंगांच्या जयंतीच्या राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर सही केली. या दोन तारखांमध्ये एकोणीस वर्षं आहेत. तेवढ्या काळात एका धोकादायक माणसाचं निरुपद्रवी संतात रूपांतर झालं. आता दर जानेवारीत सगळ्या पक्षांचे पुढारी, त्यांनी कामगार संघटना मोडीत काढायची धोरणं राबवलेली असोत वा नसोत, किंगांना अभिवादन करतात. सुट्टी रद्द करावी असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी शाळेत मेम्फिसच्या त्या दोन कामगारांची नावं, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, घेतली गेली तर सुट्टीला अर्थ येईल.

वारशाची दुसरी अडचण पैशाची आहे आणि ती फारशी कुणी उघड बोलत नाही. किंगांच्या भाषणांचा कॉपीराइट त्यांच्या वारसांकडे आहे. २०१४ मध्ये ‘सेल्मा’ हा सिनेमा आला, त्यात किंगांच्या तोंडी किंगांची खरी भाषणं नाहीत. सिनेमात ती वापरण्याचे हक्क दुसऱ्यांकडे गेले होते, म्हणून दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांना त्याच आशयाची नवी भाषणं तयार करावी लागली. २००६ मध्ये किंगांचे कागद सदबीजच्या लिलावात निघाले होते. अटलांटातल्या लोकांनी ऐन वेळी ३ कोटी २० लाख डॉलर उभे करून ते मोरहाउस कॉलेजसाठी घेतले, म्हणून ते एकत्र राहिले. हेन्री हॅम्प्टन यांची ‘आइज ऑन द प्राइज’ ही मालिका म्हणजे या चळवळीचा चालताबोलता दस्तऐवज. तिच्यात वापरलेल्या जुन्या चित्रफिती, फोटो आणि गाणी यांच्या परवानग्यांची मुदत संपली आणि ती कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवताच येत नव्हती. देणग्यांतून परवानग्या पुन्हा विकत घेतल्यावर २००६ मध्ये ती परत आली. सेन्सॉरने जे केलं नाही ते परवान्याच्या बिलाने केलं.

जहाल कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांच्या कागदांची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. त्यांच्या डायऱ्या, भाषणांची टिपणं, पत्रं फ्लोरिडातल्या एका भाड्याच्या गोदामात पडून होती. भाडं थकलं, गोदामवाल्याने माल विकला आणि २००२ मध्ये तो लिलावाच्या यादीत झळकला. कुटुंबाने आणि अभ्यासकांनी आरडाओरडा केला, लिलाव थांबला आणि ते कागद ७५ वर्षांच्या कराराने हार्लेममधल्या शॉमबर्ग केंद्राकडे आले. हे केंद्र ज्यांच्या नावाने आहे ते आर्तुरो शॉमबर्ग पोर्तो रिकोत जन्मलेले, पोटासाठी बँकेच्या टपालखात्यात काम करणारे गृहस्थ. पगारातून पुस्तकं आणि कागद जमवत राहिले. १९२६ मध्ये तो संग्रह कार्नेगीच्या १०,००० डॉलरांत सार्वजनिक ग्रंथालयाकडे आला. काळ्यांना इतिहासच नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं.

कागद जपण्याने नेमकं काय होतं, याचं उत्तरही माल्कमच्याच प्रकरणात आहे. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी ऑडुबॉन बॉलरूममध्ये त्यांचा खून झाला आणि तिघांना शिक्षा झाली. त्यांपैकी मुहम्मद अझीज आणि खलील इस्लाम हे दोघं आपण निर्दोष आहोत असं शेवटपर्यंत सांगत राहिले. वीसेक वर्षं तुरुंगात काढली. एफबीआय आणि न्यूयॉर्क पोलिसांच्या दप्तरात त्यांच्या बाजूचे कागद होते, ते बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते. अब्दुर-रहमान मुहम्मद या, कुठल्याही विद्यापीठात नोकरी नसलेल्या अभ्यासकाने वर्षानुवर्षं हे प्रकरण खणलं. त्याच्या शोधावर माहितीपट निघाला, सरकारी वकिलांनी फेरतपासणी केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दोघं निर्दोष ठरले. अझीज तेव्हा ८३ वर्षांचे होते. खलील इस्लाम २००९ मध्येच वारले होते. सरकारी दप्तर मुदत संपली म्हणून जाळलं असतं, किंवा या हौशी माणसाने नाद सोडला असता, तर ते दोघं कायमचे खुनी राहिले असते.

आता कडू भागाकडे येतो. पुरावा म्हणून जपायचं ठरवलं की आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही जपावा लागतो. मे १९६९ मध्ये न्यू हेवनच्या पँथर्सनी आपल्याच ॲलेक्स रॅकली या कार्यकर्त्याला खबऱ्या असल्याच्या संशयावरून कोंडलं, छळलं आणि गोळी घालून मारलं. त्या चौकशीची ध्वनिफीत पँथर्सनी स्वतःच करून ठेवली होती. तो खबऱ्या असल्याचं कधीच सिद्ध झालं नाही. एफबीआयने पेरलेल्या संशयाचं विष यामागे होतं हे खरं. पण ट्रिगर एफबीआयने ओढला नाही. १९७४ ते १९७७ या काळात पार्टी चालवणाऱ्या इलेन ब्राउन यांनी आपल्या आत्मचरित्रात पार्टीतल्या पुरुषी हिंसेबद्दल लिहिलं, तेव्हा घरातली धुणी बाहेर धुतली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. त्या पुस्तकामुळे पार्टीची उंची कमी झाली असं मला वाटत नाही. पार्टीच्या कार्यकर्त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, शाळा, दवाखाने, नाश्ता त्यांच्या जोरावर चालत होतं आणि बंदुकीच्या फोटोत त्या अपवादानेच दिसतात, ही गोष्ट अशा पुस्तकांमुळेच नीट कळते.

हे प्रामाणिकपणे केलं नाही तर काय होतं, तेही दिसलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने बर्कलीच्या विद्यापीठाला पँथर्सच्या वारशावर काम करण्यासाठी सुमारे ९८,००० डॉलर मंजूर केले होते. २०१७ मध्ये पोलिसांच्या संघटनेने थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. पार्टीशी संबंध असलेल्या एका माणसाने १९७३ मध्ये याच सेवेच्या एका रेंजरचा खून केला होता, याची त्यांनी आठवण दिली आणि पैसे मागे घेतले गेले. पोलीस संघटनेच्या हेतूबद्दल मला शंका आहे, पण त्या रेंजरच्या मरणाबद्दल नाही. योग्य उत्तर एवढंच होतं, की त्याचीही नोंद याच प्रकल्पात करा. प्रकल्पच रद्द करून टाकणं म्हणजे कज्जा चालू असताना फाइल गहाळ करणं. आणि ही गहाळ करण्याची हौस वाढत चालली आहे. २०२३ मध्ये फ्लोरिडाने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा शालेय अभ्यासक्रम नाकारला. २०२५ च्या मार्चमध्ये व्हाइट हाउसजवळच्या रस्त्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ उखडलं गेलं. त्याच महिन्यात स्मिथसोनियन संग्रहालयांतल्या मजकुराची झाडाझडती घेण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला.

पण संस्थेच्या हाती दिलं म्हणजे जपलं गेलं, असंही समजू नये. फिलाडेल्फिया पोलिसांनी १३ मे १९८५ रोजी मूव्ह या कृष्णवर्णीय गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. अकरा माणसं मेली, त्यांत पाच मुलं. आग पसरू दिली गेली आणि शेजारची ६१ घरं जळून गेली. २०२१ मध्ये उघड झालं, की त्या आगीतल्या एका बळीची समजली जाणारी हाडं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं पडून होती आणि एका ऑनलाइन अभ्यासक्रमात ती कॅमेऱ्यासमोर हातात धरून दाखवली गेली होती. घरच्यांना पत्ताच नव्हता. नीट ठेवलेली होती, क्रमांक घालून ठेवलेली होती. यालाही जतन म्हणतात.

म्हणून मला विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीच्या, म्हणजे ‘स्निक’च्या, जुन्या कार्यकर्त्यांनी काढलेला मार्ग आवडतो. एला बेकर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये जन्मलेली ही संघटना दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत मतदार नोंदवत फिरायची. तिचे आता सत्तरी-ऐंशीत पोचलेले लोक ड्यूक विद्यापीठाबरोबर बसले आणि अट घातली, की आमचा इतिहास आम्हीच सांगू. प्राध्यापक मदतीला, संपादनाची सूत्रं आमच्याकडे. त्यातून उभं राहिलेलं संकेतस्थळ कुणालाही फुकट वाचता येतं.

फुकट वाचता येण्याची किंमत मला एका पत्रामुळे कळली. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्ट इथल्या विद्यापीठात आहेत. हा माणूस आयुष्याच्या शेवटी कम्युनिस्ट झाला, घाना देशात जाऊन राहिला आणि तिथेच १९६३ मध्ये वारला. त्याच्या जन्मगावी, ग्रेट बॅरिंग्टनला, १९६९ मध्ये स्मारक करायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांनीच विरोध केला होता. त्याची पत्रं हर्बर्ट अ‍ॅप्थेकर या इतिहासकाराने वर्षानुवर्षं सांभाळली, तोही कम्युनिस्टच. आज ती पत्रं संगणकाच्या पडद्यावर उघडतात. त्यांत जुलै १९४६ मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक पत्र आहे. अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या जाणाऱ्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अशी त्यात विचारणा आहे. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हेही बाबासाहेबांनी लिहिलं आहे. द्युबॉइसांनी ३१ जुलैला उत्तर दिलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, त्या धाग्याचं हे पुढचं टोक. अ‍ॅप्थेकरने पोलीस येतील या भीतीने ते गठ्ठे जाळले असते, तर हे टोक आपल्या हाताला लागलंच नसतं.

आणि त्यानंतरचं टोक आपल्या दारातच आहे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या जोडीदारांनी संघटना काढली, तिचं नाव ओकलंडच्या त्या पार्टीवरून घेतलं. दलित पँथर. ती फार वर्षं टिकली नाही, फुटली, एकमेकांवर आरोप झाले. वरळीची दंगल झाली, जानेवारी १९७४ च्या मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडाखाली मारले गेले. ज. वि. पवारांनी तिचा इतिहास लिहून ठेवला, हे आपलं भाग्य. ढसाळ २०१४ मध्ये गेले, ढाले २०१९ मध्ये. त्या वेळी वीस-बावीस वर्षांची असलेली पोरं आज सत्तरी ओलांडून बसली आहेत, मोर्चात चालणाऱ्या, तुरुंगाबाहेर डबे घेऊन उभ्या राहणाऱ्या बायाही.

वडाळ्याच्या, नायगावच्या, औरंगाबादच्या किंवा नागपूरच्या एखाद्या घरात माळ्यावर ट्रंक असेल. तिच्यात सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं असतील, सभेचे फोटो असतील, पोलीस नोटीस असेल, फुटीच्या काळात एका गटाने दुसऱ्याला घातलेल्या शिव्यांची पत्रकंही असतील. त्यांतलं काहीही निवडून फेकू नका, शिव्यांची तर मुळीच नको. रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा : उभे कोण, बसलेले कोण, साल कुठलं, आणि फोटोबाहेर राहून चहा कुणी केला.